उजवीकडचा रकाना

एरवी दर आठवड्याला संपादक मला या साप्ताहिकात दीड पान जागा देतात. दिवाळी आली की ते उदार होतात आणि चांगली तीन-चार पाने मोकळी सोडतात. मी मात्र बारा महिने एकाच पद्धतीने लिहितो : पाठकोऱ्या कागदावर, डाव्या बाजूला बोटभर समास सोडून. माझ्या कागदावर ओळ कुठे संपली याच्याशी छापखान्याला काही कर्तव्य नसते. तिथे ती रकान्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने तुटते, नव्याने जुळते. आणि मी मोठ्या ऐटीने लिहिलेला परिच्छेद छापून येतो तेव्हा कधी काडीसारखा लांबोडका होतो, तर कधी पेराएवढा आखूड. सुरुवातीला याचे वाईट वाटे. पुढे सवय झाली. लिहिणाऱ्याने शब्द द्यावेत, रुंदी दुसऱ्याच्या हाती असते, हे मी मुकाट्याने मान्य करून टाकले.

असे असूनही आमच्या कॉलेजच्या वेबसाइटची पाने ठरवायची वेळ आली तेव्हा ही साधी गोष्ट मला आठवली नाही. आणि त्याचा फटका मला न बसता भलत्याच माणसाला बसला.

वेबसाइटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला त्याने संस्कृत काव्यशास्त्र मुळीच वाचले नसावे, किंवा फारच मन लावून वाचले असावे. काव्यात संकेतस्थळी अभिसारिका जाते. आणि तिथे जाऊन जिची फसगत होते तिला विप्रलब्धा म्हणतात. वर्गात हा श्लेष केला की मुले हमखास हसतात. २०२३ च्या जुलैपासून मी तो करीत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात कॉलेजने आपले संकेतस्थळ नव्याने करायला काढले. रिवाजाप्रमाणे समिती नेमली. मराठीचा माणूस म्हणून शुद्धलेखन तपासायला मला तीत घेतले. काम बाहेरच्या एका तरुणाकडे दिले होते. त्याने प्राचार्यांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर पाने दाखवली. निळा मथळा, इमारतीचे छायाचित्र, खाली सूचनांचे तक्ते. प्राचार्य म्हणाले, “भव्य!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्या. ‘विद्यार्थी साहाय्य निधी’ असे सुटे लिहिलेले शब्द व्याकरणाला धरून ‘विद्यार्थिसाहाय्यनिधी’ असे जोडून घेतले. ‘उत्पन्नाचा दाखला’ फार घरगुती वाटला म्हणून त्याचे ‘उत्पन्नप्रमाणपत्र’ केले. आणि एवढ्यावर न थांबता असेही सुचवले की, तक्त्याच्या उजव्या अंगाला बरीच जागा रिकामी दिसते, तिथे आणखी एक रकाना सहज मावेल. शेवटची तारीख प्रत्येक सूचनेच्या मजकुरात दडवण्यापेक्षा त्या रकान्यात घाला. सूचना एकमताने मान्य झाली. चांगले काम केल्याच्या आनंदात मी घरी आलो.

जुलैच्या अखेरीस एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. द्वितीय वर्ष कला. त्या निधीतून गरजू मुलांना फीमध्ये सवलत मिळते. तिचा अर्ज तिच्या हातात होता. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली म्हणून कार्यालयाने तो परत केला होता.

“तारीख पाहिली नव्हतीस?” मी विचारले.

“तारीख नव्हती, सर.”

“वेबसाइटवर स्पष्ट दिली आहे.”

“नाही, सर. मी तीनदा पाहिलं.”

‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ हा आम्हा शिक्षकांचा हातखंडा विषय. त्यावर मी पाचएक मिनिटे बोललो असेन. तिने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला होता, पण पान स्वच्छ दिसत होते. निधीचे नाव, वर्ग, कागदपत्रे, अर्ज कुठे द्यायचा. चार रकाने. चौथ्या रकान्यापाशी काच संपत होती आणि तिथेच तक्ताही संपत होता. मी बोटाने पान डावीकडे ओढून पाहिले. ते हलेना. कागद फाटलेला असता तर निदान फाटकी कड तरी दिसली असती. वाचणाऱ्याने विचारले असते, पुढचे कुठे गेले? इथे कड इतकी नीटस होती की पुढे काही आहे अशी शंकासुद्धा येऊ नये. पाचवा रकाना, माझा रकाना, त्या पानावर नव्हताच.

मी त्या मुलीची क्षमा मागितली. ती संकोचली. विद्यार्थ्यांना आमच्याकडून हे ऐकायची फारशी सवय नसते.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात हेच वेबची पाने रचण्याचे काम करतो. मराठी घेऊन बी.ए. झाला आणि पोटासाठी संगणकाकडे वळला. रविवारी तो घरी आला. मी त्याला सगळी हकीगत सांगून म्हटले, “अरे, हा मोबाइल काही जुनापुराणा नाही. त्याच्या खोक्यावर १०८० × २४०० असे आकडे आहेत. माझ्या लॅपटॉपवर १३६६ × ७६८. म्हणजे रुंदीला फार कमी नाही. मग माझ्याकडे दिसते ते तिच्याकडे का दिसू नये?”

तो हसला. म्हणाला, “सर, खोक्यावरचे ठिपके वेगळे आणि पान मोजतं ते ठिपके वेगळे.”

मग त्याने जे समजावले ते मला प्रथमच कळले. पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. मोबाइलच्या चार बोटे रुंद काचेत हजारावर ठिपके दाटीने बसवलेले असतात. तेच माप धरून पान आखले तर अक्षरे मोहरीएवढी होतील. म्हणून अशा फोनवर ब्राउझर आडवे तीन आणि उभे तीन ठिपके मिळून एकच ठिपका धरतो. १०८० ची रुंदी पानाच्या हिशेबाने ३६० उरते. स्वस्तातल्या फोनला ७२० ठिपके असतात. तिथे दोनाचा एक धरला की पुन्हा ३६०च. २०१० साली आलेल्या आयफोन ४ मध्ये ही गोष्ट ठळकपणे लोकांपुढे आली. आधीच्या फोनच्या ३२० × ४८० च्या जागी, तेवढ्याच आकाराच्या काचेत, ६४० × ९६० ठिपके आले. अक्षरे रेखीव झाली, पण पानाला मिळणारी रुंदी ३२०च राहिली. तेव्हा खोक्यावरच्या आकड्याने काच किती स्वच्छ आहे ते कळते, ऐसपैस किती आहे ते कळत नाही.

“आणि आमच्या तक्त्याचं काय?”

“तक्त्याचा रकाना त्यातल्या सर्वात लांब शब्दापेक्षा अरुंद होत नाही, सर. शब्द मध्येच तोडायचा नाही, असा ब्राउझरचा एरवीचा नियम. ‘विद्यार्थिसाहाय्यनिधी’ आणि ‘उत्पन्नप्रमाणपत्र’ एका ओळीत शेजारी शेजारी ठेवल्यावर ३६० मध्ये पाचवा रकाना बसायचा कुठे?”

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ही माझीच देणगी.

खरे तर एवढ्यानेही सर्वनाश होत नाही. तक्ता पडद्याबाहेर गेला की पान आडवे सरकते आणि बोटाने ओढून उरलेले वाचता येते. पण आडवे हिंदकळणारे पान बेंगरूळ दिसते. आमच्या त्या तरुणाने ते हिंदकळू नये म्हणून ‘बाहेर जाईल ते झाकून टाक’ अशी एका ओळीची आज्ञा लिहून ठेवली होती. त्याने पान मोबाइलवर पाहिलेही होते. पण मराठी मजकूर यायच्या आधी, नमुन्याचे तोकडे इंग्रजी शब्द भरून. त्या शब्दांनी काम भागले होते.

या सगळ्याला तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतून पहिले वेबपान जगापुढे ठेवले. त्याला रुंदीच नव्हती. नुसता मजकूर, चौकट मोठी करा, ओळी लांब होत, लहान करा, आखूड होत. पुढे छापील जाहिराती आणि मासिके सजवणारे कलावंत या क्षेत्रात आले आणि त्यांना हे सैल पान सहन होईना. कागदाचे माप ठरलेले असते, तसे त्यांनी पडद्याचेही ठरवून टाकले : आधी ६४० × ४८०, मग ८०० × ६००, मग १०२४ × ७६८. पानाच्या तळाशी सूचना असे की, हे संकेतस्थळ ८०० × ६०० वर उत्तम दिसते. पाहुण्याला दारात अडवून सांगावे की, आमच्याकडे अमुक उंचीच्या माणसालाच बरे बसता येते, तशातला तो प्रकार. २००० साली जॉन ऑलसॉप यांनी ताओच्या शिकवणीचा आधार घेऊन एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, मापावरची हुकमत हा छापील कागदाचा गुण आपण समजतो, पण ती कागदाची मर्यादा आहे. वेबचे पान लवचीक असणे हा दोष मानू नका. लेख गाजला. लोक ठरावीक मापाची पाने करीतच राहिले.

२००७ साली आयफोन आला. त्याने तडजोड म्हणून एक सोंग घेतले. आपण ९८० ठिपके रुंद आहोत असे तो पानाला सांगे आणि मग सबंध पान आकसून मुठीत दाखवी. अक्षरे मुंगीएवढी. वाचायचे तर दोन बोटांनी ताणायचे. अखेर २५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने एका लेखात तीन गोष्टी एकत्र बांधल्या : रकान्यांची मापे ठिपक्यांत न देता पडद्याच्या टक्केवारीत द्यावीत, चित्राने आपल्या चौकटीबाहेर जाऊ नये, आणि ‘पडदा इतक्यापेक्षा अरुंद असेल तर मांडणी अशी कर’ अशी अट पानातच लिहून ठेवावी. या रीतीला त्याने जे इंग्रजी नाव दिले ते वास्तुशास्त्रातून घेतले होते. आत राहणाऱ्या माणसांप्रमाणे बदलणाऱ्या इमारतींची कल्पना तिथे होती. मराठीत ‘प्रतिसादी रचना’ म्हणता येईल. आता जगभर हीच रीत आहे आणि तिला कारणही तसेच झाले. स्टॅटकाउंटर या मोजणी करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे ऑक्टोबर २०१६ मध्ये जगात मोबाइल आणि टॅब्लेटवरून वेब पाहण्याचे प्रमाण ५१.३ टक्के झाले. संगणक प्रथमच मागे पडला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्याकडे जिओ सुरू झाले होते. ते आल्यावर आमच्या वर्गात काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा विद्यार्थी हे सारे सांगत असताना मला राहून राहून पोथ्या आठवत होत्या. एम.ए.ला असताना आमच्या सरांनी आम्हाला हस्तलिखिते हाताळायला लावली होती. पोथीचे पान आडवे, लांबट आणि सुटे. त्यावर ओवी आपल्या पुस्तकात छापतात तशी चार चरणांत सुटी मांडलेली नसते. मजकूर काठापासून काठापर्यंत सलग जातो. पुष्कळदा शब्दही एकमेकांना चिकटलेले. ओवी संपली हे कळते ते दंडावरून आणि त्यापुढच्या आकड्यावरून. एका पोथीचे पान वीतभर, दुसऱ्या पोथीचे हातभर. लेखकाचे अक्षर एकाचे ठसठशीत, एकाचे बारीक. त्यामुळे ज्ञानेश्वरीतली ओवी शोधायची तर पानाचा आकडा कोणी सांगत नाही. अध्याय आणि ओवी सांगतात. कोणत्याही रुंदीच्या पानावर ती बरोबर सापडते. नकलणाऱ्याने ओळ कुठेही मोडावी, दंड मात्र गाळू नये.

हे मी बोलून दाखवले तेव्हा तो उठून बसला. “सर, आम्ही हेच करतो,” तो म्हणाला. “हा मथळा, हा परिच्छेद, ही तारीख, एवढं मजकुरात सांगायचं. रुंदी ज्याच्या त्याच्या पडद्यानं ठरवायची. तुमचा दंड म्हणजे आमची खूण.”

मग ती मांडणी त्याने आणि मी मिळून नव्याने केली. म्हणजे त्याने केली आणि मी चहा दिला. अरुंद पडद्यावर तक्ता तक्ता राहत नाही. प्रत्येक सूचना स्वतंत्र होते आणि तिच्या बाबी एकाखाली एक येतात. तारीख सर्वांत वर. ‘उत्पन्नाचा दाखला’ पुन्हा ‘उत्पन्नाचा दाखला’ झाला. ज्या कागदाला गावातला तलाठी आणि मुलीचा बाप त्या नावाने ओळखतात, त्याला मी दुसरे नाव देणारा कोण? झाकून टाकण्याची ती आज्ञा काढली.

त्यात आमचा एक वादही झाला. भिंतीवरच्या पडद्यासाठी पानावर जे जे आहे ते सगळे मोबाइलवर ठेवायचे का? पुष्कळ ठिकाणी मोबाइलसाठी निम्मा मजकूर गाळतात. म्हणतात, सुटसुटीत दिसते. मला हे पंगतीतल्या दुजाभावासारखे वाटते. ओसरीवर बसलेल्याला बासुंदी आणि अंगणातल्याला नुसता आमटीभात. जे मोबाइलवाल्याला नको, ते बहुधा कोणालाच नको असते. प्राचार्यांच्या संदेशाचे चार परिच्छेद होते, त्यांचा एक झाला. प्राचार्यांनी ते मोठ्या मनाने घेतले, हे इथे नमूद करतो.

आणखी एक गोष्ट मला त्याच वेळी कळली. सर्वांना पाने वाचता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत २०१८ पासून असे कलम आहे की, ३२० ठिपके रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा. मला वाटले हे फोनसाठी. पण १२८० रुंदीच्या पडद्यावर अधू दृष्टीचा माणूस अक्षर चौपट करतो तेव्हा त्याच्या वाट्याला ३२०च येतात. आमचे एक निवृत्त प्राध्यापक घरच्या संगणकावर असेच वाचतात. कॉलेजची वेबसाइट आपल्याला का वाचता येत नाही हे ते दोन वर्षे विचारीत होते आणि आम्ही त्यांच्या वयाला दोष देत होतो.

रुंद पडद्यांचाही एक जाच आहे, पण तो थोडक्यात सांगतो. १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडली तर डोळा परतताना वाट चुकतो आणि तीच ओळ पुन्हा वाचतो. हे साप्ताहिक रकान्यांत छापतात ते उगीच नव्हे. वेबच्या पानालाही अमुक रुंदीपुढे पसरू नको असे सांगावे लागते. आणि कागदावरच्या सूचनेचा फोटो काढून तोच संकेतस्थळावर चिकटवण्याची जी चाल सरसहा पडली आहे, तिच्याबद्दल न बोललेले बरे. फोटोतली ओळ कोणत्याही पडद्यापुढे वाकत नाही.

समिती पुन्हा बसली. निधीची मुदत आठ दिवस वाढवली. त्या मुलीचा अर्ज घेतला गेला. आणखी सात-आठ अर्ज आले. मला बरे वाटले, आणि ते मी तिला सांगितलेही. तेव्हा ती म्हणाली, “सर, आमच्या गावातली अजून एक होती माझ्याबरोबर. तिनं पण ते पान पाहिलं होतं. तारीख नाही, म्हणजे गेल्या वर्षीचं असेल, असं वाटलं तिला. ती आता तालुक्याला कपड्याच्या दुकानात लागली.”

मी त्या मुलीला निरोप धाडला. ती आली नाही. पुढच्या वर्षी येईन असे तिने कळवले. पुढच्या वर्षीच्या पटावरही तिचे नाव आले नाही.

जाताना माझ्या विद्यार्थ्याने आपला एक जुना, लहानसा मोबाइल माझ्यापाशी ठेवून दिला. तो आता कार्यालयात भाऊसाहेबांच्या टेबलावर असतो. आमचे भाऊसाहेब तीस वर्षे कारकुनी करीत आहेत. नव्या यंत्रांवर त्यांचा विश्वास नाही, आणि म्हणूनच या कामाला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. प्रत्येक सूचना आधी त्या फोनवर वाचायची, नाकावरचा चष्मा सरकवून, बोट फिरवत, मोठ्याने. मराठी अक्षराला वरखाली फार जागा लागते : वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या चौकटीत हे अवयव कापले जातात. ‘गुणपत्रक’ उघडावे तर ‘गणपत्रक’ दिसते आणि मुले विचारतात, सर, हे कशाचे?

परवा दिवाळीच्या सुट्टीआधी परीक्षेच्या अर्जाची सूचना लावायची होती. मी ती माझ्या लॅपटॉपवर दोनदा वाचली. तारीख वर होती, शुद्धलेखन बिनचूक होते. मी घरी निघालो आणि फाटकापाशी पोहोचतो तोच मागून हाक आली. भाऊसाहेब तो फोन हातात धरून पायऱ्यांवर उभे होते.

“सर, थांबा. शुल्काचा उकार गेला.”